पोथीएवढा लॅपटॉप

सिंहगड एक्सप्रेसच्या लेडीज डब्यात त्याचं नाव ‘पोथी’ पडलं आणि मग तेच राहिलं.

पहिल्या दिवशी मी तो पर्समधून काढला तेव्हा तो आईने शिवून दिलेल्या खणाच्या पिशवीत होता, वर नाडी बांधलेली. नाडी सोडली, पिशवीची घडी करून मांडीखाली सरकवली, झाकण उघडलं आणि मान खाली घालून पुटपुटायला लागले. भाषांतर करताना वाक्य तोंडाने म्हणून बघायची माझी जुनी खोड आहे. समोरच्या काकूंनी मेथीची जुडी अर्धवट सोडून विचारलं, “काय गं, पारायण धरलंयस का?” सगळा डबा हसला. त्यानंतर कुणी कधी त्याला लॅपटॉप म्हटलं नाही. “आज पोथी नाही आणली?” “पोथी जरा तिकडे सरकव, डबा उघडायचाय.”

ही २००९ सालची गोष्ट. मुंबईत फोर्टातल्या एका भाषांतराच्या कचेरीत नोकरी आणि घर पुण्यात, शिवाजीनगर स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर. जाताना सिंहगड, येताना डेक्कन क्वीन. येताना कुणी काही करत नाही, माना टाकून झोपतात. पण जातानाचे तीन-चार तास नुसते खिडकीबाहेर बघण्यात जायचे आणि कचेरीत पोचल्यावर तेच काम अंगावर यायचं. त्यासाठी लॅपटॉप हवा होता. चांगला लॅपटॉप तेव्हा पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात होता, म्हणजे आमच्या घरात येणार नव्हता.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून हा काढून दाखवला तोच मुळी नाखुशीने. “मॅडम, ये सिर्फ नेट देखने के लिए है. काम-वाम करना है तो बडा लो.” मी कामासाठीच घेतला. सोळा हजार चारशे रुपये. दहा इंची स्क्रीन, सव्वा किलो वजन, सीडी ड्राइव्ह नाही. आत इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. या आकड्यांशी माझं तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. वजनाशी मात्र होतं. डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि शब्दकोश एवढं सगळं आधीच खांद्याला लटकलेलं असताना त्यात आणखी काय मावेल आणि काय पेलेल, एवढाच हिशेब होता.

असल्या लॅपटॉपांना नेटबुक म्हणत, आणि त्यांची टूम निघून दोनच वर्षं झाली होती. २००७च्या ऑक्टोबरात असूसने सात इंची ईई पीसी काढला होता. हार्ड डिस्कच नाही, तिच्याजागी ४ जीबीची फ्लॅश, ५१२ एमबी रॅम आणि विंडोजऐवजी लिनक्स. नावातले तीन ‘ई’ म्हणजे शिकायला सोपा, कामाला सोपा, खेळायला सोपा. त्याच्याही मागे एमआयटीतले प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांचं, गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना द्यायच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं स्वप्न होतं. तो शंभर डॉलरांत कधीच बसला नाही. पण हिरवे-पांढरे, सशासारखे दोन कान वर काढलेले ते एक्सओ लॅपटॉप भारतात पहिल्यांदा पोचले ते आपल्या रायगड जिल्ह्यात, खैरात नावाच्या लहानशा गावातल्या एकशिक्षकी शाळेत, २००७ सालीच. केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने त्याच्या आदल्याच वर्षी ही योजना आम्हाला नको म्हणून कळवलं होतं. मला हे सगळं फार उशिरा समजलं. समजल्यावर गंमत वाटली, कारण मी रोज सकाळी त्याच जिल्ह्यातून जात होते आणि कर्जत सोडलं की खिडकीतून ऊन आत यायचं. एक्सओची स्क्रीन भर उन्हातही वाचता यावी अशी मुद्दाम बनवलेली होती. माझ्या चकचकीत स्क्रीनमध्ये त्या उन्हात मला फक्त माझा चेहरा दिसायचा आणि मागच्या बाकावरच्या बाईची वेणी.

घाटात उलटं व्हायचं. खंडाळा सोडलं की बोगदे सुरू, डब्यातले दिवे कधी लागलेले, कधी नाहीत. नसले की पोथीचा उजेड तेवढा. काकूंची मेथी चालूच असायची. “इकडे कर गं जरा,” म्हणायच्या, आणि मी स्क्रीन मागे कलती करून उजेड त्यांच्या हातांवर पाडायचे. बोगदा संपेपर्यंत माझं वाक्य थांबलेलं, त्यांची पानं खुडणं चालू. बाहेर आलो की दोघी आपापल्या कामाला. बॅटरी अडीच तासांची होती. कर्जत गेलं आणि कल्याण यायच्या आत ती मान टाकायची, तोवर चार-पाच पानं हातावेगळी झालेली असायची.

मराठी चालू करणं हा मात्र स्वतंत्र अध्याय होता. घरी आणल्यावर पहिल्यांदा मराठी फाइल उघडली तर ‘कि’मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन पडलेली, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. तेव्हाच्या विंडोज एक्सपीमध्ये मराठी नीट दिसायला भाषांच्या खिडकीत एका चौकटीवर बरोबरची खूण करावी लागे. ती केली. मशीन म्हणालं, विंडोजची सीडी घाला. आता या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, बाहेरचा ड्राइव्ह लागेल, दोन हजार. शेवटी मामेभावाने कुठूनतरी एक्सपीच्या सीडीतलं ‘आय३८६’ नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर आणून दिलं. ते दाखवल्यावर मशिनने निमूटपणे दहा मिनिटं घेतली, पुन्हा सुरू झालं आणि वेलांटी आपल्या जागी येऊन बसली. आईला बोलावून दाखवलं. तिला त्यात काय एवढं ते कळलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं. आपल्या भाषेतलं अक्षर सरळ दिसलं याचा आनंद व्हावा ही काही फार चांगली परिस्थिती नव्हे.

टंकायला मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी शिकले. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे मराठी टंकताना दोन्ही हात पाळीपाळीने चालतात, जात्यावर दोघी बसल्यासारखे. कीबोर्डवर लावायच्या मराठी अक्षरांच्या पारदर्शक स्टिकरांचा एक कागद मिळाला होता. बटणं नेहमीपेक्षा लहान, त्यामुळे स्टिकरं कडांनी कातरून लावली. रात्री जेवणं झाल्यावर नखं कापायच्या कात्रीने तो उद्योग केला, दीड तास.

कचेरीत तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षर तेच राहील अशी पद्धत, कुणाला नको होतं. छपाईचं सगळं काम जुन्या पद्धतीच्या फाँटात चाले. ते सॉफ्टवेअर एका कुलपावर चालायचं. संगणकाच्या मागे ते खोचलेलं असेल तरच उघडायचं. म्हणजे मी गाडीत युनिकोडमध्ये टंकायचं, कचेरीत ते एका परिवर्तकातून जुन्या फाँटात न्यायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, कारण तो परिवर्तक ‘ऱ्य’ गिळायचा. एकदा पर्यटनाच्या एका पुस्तिकेत मी घाटातच बसून लिहिलं होतं ‘सह्याद्रीच्या खोल दऱ्या’. कचेरीत ते झालं ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’. मी घाईघाईने साहेबांना दाखवायला गेले. ते म्हणाले, “पलीकडे कोकणच आहे ना? चालेल.” ते गंमत करत होते असं मी धरून चालले, आणि दुरुस्त केलं.

त्या स्क्रीनची उंची ६०० ठिपक्यांची. मराठीला वरखाली जागा लागते, वर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची ओझी. पानाच्या जेमतेम चौदा-पंधरा ओळी दिसत. त्याचा मला फायदा झाला असं मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, मनाची समजूत. पण एका वेळी एकच परिच्छेद डोळ्यांसमोर असला की तो नीट होतो. पुढच्या परिच्छेदाची धास्ती पडत नाही. तोटा दुसरीकडे होता. पुष्कळ प्रोग्रॅमच्या खिडक्या ६००हून उंच असत आणि त्यांचं ‘ओके’ बटण स्क्रीनच्या खाली, जमिनीच्या पोटात राही. खिडकी वर सरकवायची सोय नाही. मग मी टॅबचे ठोके मोजायला शिकले. छपाईच्या खिडकीत अमुक इतके टॅब दाबले की न दिसणाऱ्या ‘ओके’वर आपण पोचतो, मग एंटर. एक टॅब जास्त झाला की ‘कॅन्सल’. आंधळ्या कोशिंबिरीतही थोडा अंदाज येतोच.

मग मला ते आकडे आठवले. १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क. दुकानातल्या सगळ्याच नेटबुकांवर हेच का होतं? तर मायक्रोसॉफ्ट नेटबुकांसाठी एक्सपीचा परवाना स्वस्तात देई, पण अट ही की रॅम एवढीच हवी, हार्ड डिस्क एवढीच हवी. त्याच्या वर गेलात तर स्वस्त परवाना नाही. म्हणजे माझ्या लॅपटॉपचा लहानपणा काही अंशी कागदावरचा होता. आत तो एवढा लहान नव्हताच.

हे कळल्यावर मी तो उलटा केला. तळाशी एक छोटं झाकण, त्याला एकच स्क्रू. चष्म्याच्या पेचकसाने तो निघाला. आत रॅमची एक पट्टी, दोन बाजूंनी चिमट्यात धरलेली. चिमटे बाहेर दाबले की ती तीस अंशांत वर उचलली जाते, ओढली की हातात येते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन २ जीबीची घेऊन आले आणि तिरकी खोचून खाली दाबली. टक् असा आवाज झाला. ती टक् मला अजून आठवते, कारण तोवर यंत्र उघडणं हे घरातल्या पुरुषांचं काम अशी माझी आपली उगाचच समजूत होती. आमच्या घरातल्या पुरुषांना फ्यूजसुद्धा बदलता येत नसे ही गोष्ट वेगळी.

माझी आजी आलेली पाकिटं टाकून द्यायची नाही. चारही बाजूंनी उसवून त्यांच्या आतल्या कोऱ्या अंगावर वाण्याचा हिशेब लिहायची. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायची. पण विळीला धार लावणारा दारावरून गेला की त्याला हाक मारून बोलवायची आणि सांगेल तेवढे पैसे मोजायची. तिथे घासाघीस नाही. मला कुणी स्वस्त लॅपटॉपबद्दल विचारलं की मी मनात आजीला विचारते, यांनी काटकसर कशात केलीय? पाकिटात की विळीत?

पोथीत ती पाकिटात केलेली होती. प्रोसेसर सावकाश, स्क्रीन लहान, सीडी ड्राइव्ह नाही, आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. पण बिजागरी पक्की, कीबोर्ड नीट दाबला जाणारा, बॅटरी खटक्यावर निघणारी आणि तळाला ते झाकण. २०१०च्या जानेवारीत आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्झ यांनी नेटबुक कशातच सरस नाही म्हणून त्यांना निकालात काढलं, आणि २०१३ उजाडेपर्यंत असूस आणि एसरसारख्यांनी ती बनवणं सोडलंही. कशातच सरस नाही हे खरंच होतं. मलाही ते सरस म्हणून नको होतं. मला ते मेथीच्या जुडीशेजारी मावणारं हवं होतं.

नोकरी २०१२मध्ये सोडली, गाडी सुटली, आणि पोथी दिवाणावर आली. तिथून पुढे तिची उतरण सुरू झाली असं घरातले म्हणतात. मी तसं म्हणत नाही. २०१४च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा पाठिंबा संपला तेव्हा मी लुबंटू नावाचं हलकं लिनक्स घातलं. पुढे हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा तिच्याजागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपांची डिस्क, बसवली. त्या दिवसापासून ती आधीपेक्षा वेगाने सुरू होते. मजकूर २००९मध्ये जितक्या झटक्यात टंकला जायचा तितक्याच झटक्यात आजही टंकला जातो. मंद झालं ते इंटरनेट. म्हणजे वायर जाड झाली, पण त्यातून येणारी पानं त्याहून जाड. माझ्या बँकेचं पान पूर्वी एक नाव, एक पासवर्ड आणि एक चौकट एवढंच होतं. आता तेच पान उघडताना आधी हसरं कुटुंब येतं, मग गृहकर्जाची जाहिरात सरकत येते, मग कोपऱ्यातून एक बाई ‘मी आपली काय मदत करू’ म्हणून वर येते, आणि या सगळ्यांना डोक्यावर घेऊन उभी राहताना पोथीचा पंखा गिरणीसारखा वाजायला लागतो. मला शिल्लक बघायची असते, तीही फारशी नसते. मेल मात्र पुष्कळ वर्षं चालली, कारण तिचं एक साधं, नुसत्या मजकुराचं रूप होतं. २०२४च्या सुरुवातीला तेही बंद झालं.

मधे २०२० आलं. शाळा बंद, चिरंजीव सहावीतून सातवीत, आणि वर्ग मोबाइलवर. बाजारात लॅपटॉप मिळेनात. मिळाला तो अकरा इंची, पांढराशुभ्र, दिसायला पोथीपेक्षा कितीतरी देखणा, एकोणीस हजारांचा. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या किमतीत सगळ्यांचे सारखेच होते. मीही घाईत होते आणि आजीला विचारायचं राहून गेलं.

त्यात साठवायला ३२ जीबीची ईएमएमसी होती. म्हणजे फोनमध्ये असते तसली चिप, तीही बोर्डाला डाग देऊन कायमची बसवलेली. विंडोज आणि तिच्याबरोबर आलेला गोतावळा बसल्यावर उरले जेमतेम सात-आठ जीबी. पहिल्या मोठ्या अपडेटला मशीन म्हणालं, जागा नाही. मी मुलाचे फोटो काढले, त्याचे खेळ काढले, त्याने रडारड केली. तरी जागा नाही. म्हणालं, पेन ड्राइव्ह लावा. लावला. रात्रभर चाललं. सकाळी आठच्या गणिताच्या तासाला स्क्रीनवर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांखाली ३४ टक्के. बाईंना मोबाइलवरून कळवलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, आज सहा जणांचं हेच झालंय.” दुपारी अपडेट फसलं आणि त्याने सगळं मागे नेऊन ठेवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. घरात पाहुणा यावा आणि तो येणार म्हणून यजमानानेच गॅलरीत झोपावं, तसा तो लॅपटॉप स्वतःच्याच विंडोजला जागा करून देण्यात दोन वर्षं जगला.

मग चार्जिंगची खाच ढिली झाली. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानात मी रॅम घेतली होती तिथेच गेले. वडिलांच्या जागी आता मुलगा बसतो. त्याने पाठीचे दहा स्क्रू काढले, कडेने प्लास्टिकची पट्टी फिरवून झाकण उचकटलं आणि मला आत बघायला सांगितलं. आत जवळपास सगळी बॅटरीच. कोपऱ्यात पोस्टकार्डापेक्षाही लहान हिरवा बोर्ड, त्यावर सगळं चिकटलेलं.

“ताई, यात बदलायला काहीच नाही. रॅम डाग दिलेली, डिस्क डाग दिलेली, आता खाचही बोर्डावरच. बोर्ड मागवायचा तर साडेअकरा हजार.”

“आणि ही?” मी पिशवीतून पोथी काढली. तिचाही कीबोर्ड बिघडला होता, स्पेसबार उजव्या बाजूला दाबला जात नव्हता.

त्याने ती हातात घेऊन उलटीपालटी केली. “ही अजून चालू आहे?” मग आतल्या बाजूला बघून कुणालातरी हाक मारली, “बाबा, जरा हे बघा.” बाबा आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, तळाचं झाकण बघितलं आणि म्हणाले, “हिला काय धाड भरलीय.” कीबोर्ड मिळेल म्हणाले, आठवडा लागेल, सातशे रुपये.

शेजारच्या काकांना गेल्या वर्षी लॅपटॉप घ्यायचा होता. सोसायटीचे हिशेब, वीजबिल, डॅलसच्या नातवाशी रविवारचं बोलणं आणि अधूनमधून वर्तमानपत्राला पत्र, एवढ्यासाठी. म्हणाले, “साधा हवा. सर्वांत स्वस्त, नवाकोरा.” मी म्हटलं, नवा हवा की साधा ते आधी ठरवा. त्यांना पटायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण जुनी वस्तू विकत घेणं आमच्या जिन्यावर अजून जरा कमीपणाचं मानतात, भांडी सोडून. शेवटी तेरा हजारांत एक थिंकपॅड एक्स२३० आणला, कुठल्यातरी कचेरीतून निघालेला, साडेबारा इंची, २०१२च्या पिढीतला. रॅमला दोन खाचा, डिस्क एका झाकणाआड, बॅटरी मागून खेचून निघणारी. त्याच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, ते इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्याला उभं करत नाही. आणि विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट घातलं. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मिंट म्हणजे पुदिनाच ना?” आता फोन आला की म्हणतात, “पुदिना सुरू होतोय, पण प्रिंटर बोलत नाही.” प्रिंटर कधीच कुणाशी बोलत नाही, त्यात पुदिन्याचा दोष नाही, हे मी त्यांना दर पंधरा दिवसांनी सांगते.

पोथीला मात्र काकांच्या पुदिन्यासारखं म्हातारपण लाभणार नाही, हे मला माहीत आहे. एन२७० हा ३२ बिटांचा, म्हणजे जुन्या घडणीचा प्रोसेसर. त्या पंगतीची पानं एकेक करून उचलली जात आहेत. लुबंटूने ती आधीच उचलली, म्हणून मी डेबियन नावाच्या दुसऱ्या लिनक्सकडे गेले. २०२५च्या ऑगस्टात डेबियनची १३वी आवृत्ती आली तेव्हा ३२ बिटांसाठी ती बसवायची सोयच काढून टाकलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीला फायरफॉक्स ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही ३२ बिटी लिनक्ससाठी निघायच्या थांबल्या. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मशिनांसाठी किती जणांनी राबायचं? मी चिडले नाही. डेबियन १२ तशीच ठेवली आणि वायफाय बंद करून टाकलं. आता बाहेरचं काही आत येत नाही आणि तिला कुठे जायचं नाही. लिहिलेलं पेन ड्राइव्हवर घेते, मुलाच्या नव्या लॅपटॉपवरून पाठवते. त्याचा लॅपटॉप चांगला आहे. तो घेताना मी झाकणाचे स्क्रू मोजूनच पैसे दिले.

नेट काढल्यावर पोथी आणखी हलकी झाली. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत ती सुरू होऊन कालच्या ओळीवर उभी असते. बॅटरी आता फक्त वजनापुरती, त्यामुळे दिवाणाशेजारच्या प्लगची दोरी तिला सोडवत नाही. वर कुठलीही घंटी वाजत नाही, कुणी लिहिलेलं वाचलं की नाही ते कळत नाही. एखादा शब्द अडला तर उठून दाते-कर्व्यांचा कोश काढावा लागतो आणि त्यात अडलेल्या शब्दाच्या अलीकडचे-पलीकडचे चार शब्द वाचून होतात, कामाचे नसलेले. त्यात वेळ जातो. तो गाडीतही जायचाच.

कीबोर्ड आठवड्याने नव्हे, सव्वा महिन्याने आला. बाबांनी स्वतः बसवून दिला. नवा म्हणजे कोरा इंग्रजी. २००९चा स्टिकरांचा कागद आईच्या औषधांच्या पाकिटात जपून ठेवलेला होता, त्यावर उरलेली होती ती कुणालाच न लागणारी, ङ आणि ञ आणि ऋ. म्हणून जुन्या कीबोर्डवरची स्टिकरं गरम पाण्याच्या वाफेवर धरून एकेक सोडवली आणि नव्यावर चिकटवली. बहुतेक सगळी निघाली. ‘ळ’ मात्र इतका झिजलेला होता की नुसता चिकट डाग हातात आला. इनस्क्रिप्टमध्ये तो ‘ल’च्याच बटणावर वरच्या मजल्यावर राहतो, शिफ्ट दाबून. मला तो न बघताही सापडतो, पण बटण ओकंबोकं दिसत होतं. शेवटी भाचीची लाल नेलपॉलिश घेतली आणि काडेपेटीच्या काडीने ‘ळ’ काढला. दोन गोल जमले, पण दुसरा जरा मोठा झाला आणि त्याचं शेपूट शेजारच्या ‘स’च्या हद्दीत गेलं. वाळायच्या आत पुसायला हवं होतं. तेवढ्यात शिट्टी झाली.